कुत्र्याला घरात क्रेटची सवय लावावी का, आणि लावायची तर कशी

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये पिल्लू आले की थोड्याच दिवसांत चपला, चार्जरच्या वायरी आणि सोफ्याचे कोपरे कुरतडलेले दिसू लागतात आणि कोणीतरी क्रेट, म्हणजे कुत्र्याला आत बसता-झोपता येईल असा दाराचा पिंजरा, घेण्याचा सल्ला देते. सल्ला चुकीचा नाही. मात्र तो मानण्याआधी कुत्र्याच्या जातीचा विचार करण्यापेक्षा घरातली माणसे दिवसातून किती तास बाहेर असतात, याचा हिशेब करावा. दोघेही सकाळच्या लोकलने फोर्टला किंवा अंधेरीला जाऊन रात्रीच परतणार असतील, तर तेवढा वेळ दार लावलेल्या क्रेटमध्ये कुत्र्याला ठेवणे म्हणजे त्याला कोंडून ठेवणेच होय. त्याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही.

पिल्लाला लघवी किती वेळ रोखता येते, याचा एक ढोबळ आडाखा आहे: वयाचे जितके महिने, त्याहून एक तास जास्त. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला जास्तीत जास्त चार तास, आणि तेही झोपेत. जागेपणी, खेळून आणि पाणी पिऊन झाल्यावर ते अर्धा तासही थांबत नाही. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा सलग चार तासांहून अधिक काळ बंद ठेवू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 नुसार प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. स्वीडनमध्ये तर प्रवासासारखे अपवाद सोडल्यास कुत्र्याला घरात पिंजऱ्यात बंद ठेवण्याची परवानगीच नाही. तेथे इतकी कुत्री क्रेटविना वाढतात, त्या अर्थी ही वस्तू अत्यावश्यक नाही, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

ज्यांचे घर दिवसभर बंद असते, त्यांनी क्रेटऐवजी हॉलचा एक भाग जाळीच्या घडीच्या कुंपणाने अडवावा किंवा एखादी खोली वायरी व औषधे उचलून कुत्र्यासाठी मोकळी करावी, आणि दुपारी फिरवून आणायला डॉग वॉकर, शेजारी किंवा घरातल्या आजी-आजोबांची सोय लावावी. ही सोय होत नसेल, तर कुत्रा आणण्याचा बेत पुढे ढकललेला बरा.

घरी कोणी ना कोणी असते, अशा कुटुंबाला मात्र क्रेटचा खरा उपयोग होतो. झोपण्याची जागा घाण न करण्याची कुत्र्याची उपजत प्रवृत्ती असल्यामुळे शी-शूची शिस्त लवकर लागते. कुत्र्याला घाबरणाऱ्या मावशी केर-फरशी करत असताना त्याला थोडा वेळ बाजूला ठेवता येते. गणपतीला मोटारीने कोकणात जाताना ते सुरक्षित बसते. माझ्या मते सर्वांत मोठा फायदा दवाखान्यातला आहे, कारण नसबंदीसाठी किंवा सलाइनसाठी तेथे पिंजऱ्यातच राहावे लागते आणि सवय नसलेले कुत्रे आजारपणात दुप्पट घाबरते.

क्रेट असा घ्यावा की कुत्र्याला मान न झुकवता उभे राहता यावे, सहज वळता यावे आणि पाय ताणून कुशीवर झोपता यावे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे अंतर मोजून त्यात चार इंच मिळवले की लांबीचा अंदाज येतो. लॅब्राडोरला साधारण 42 इंची, तर शिह त्झूला 24 इंची क्रेट पुरतो. मोठे होणाऱ्या पिल्लासाठी मधली जाळी सरकवता येणारा क्रेट घ्यावा, कारण फार मोठ्या जागेत ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात शू करते. आपल्याकडच्या दमट हवेत तारेचाच क्रेट योग्य. कुत्रे मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते आणि हवेत बाष्प असले की ते नीट साधत नाही. म्हणून क्रेट बाल्कनीत किंवा पश्चिमेच्या उन्हात न ठेवता हॉलमध्ये, पंख्याचा वारा लागेल अशा जागी ठेवावा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांबाबत एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये विशेष सावध राहावे. वीज गेली आणि घरात कोणी नसले, तर बंद क्रेट त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

सवय लावताना पहिले काही दिवस दार बंद करूच नये. ते दोरीने मागे बांधून ठेवावे, आत जुनी सतरंजी घालावी आणि चिकनचे तुकडे आत टाकत राहावे. कुत्रे आपणहून आत-बाहेर करू लागले की जेवणाचे भांडे आत सरकवावे. त्यानंतर जेवताना दार लावावे आणि भांडे रिकामे होण्याआधीच उघडावे. पुढे एक मिनिट, पाच मिनिटे, मग आपण दुसऱ्या खोलीत, मग लिफ्टपर्यंत जाऊन परत, असा वेळ वाढवावा आणि कुत्रे अस्वस्थ झाले तर एक पायरी मागे यावे. घाईनेच बहुतेकांचे काम बिघडते. आत ठेवण्यापूर्वी पट्टा व हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) काढावा, कारण ते जाळीत अडकून गळफास बसू शकतो. ओरडून, रागाने आत ढकलणे तर कधीच नको.

रात्री क्रेट आपल्या पलंगाजवळ असावा. पिल्लू मध्यरात्री कुरकुरले तर न बोलता, दिवे न लावता त्याला शूसाठी न्यावे आणि परत आणून ठेवावे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्वो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या धोक्यामुळे त्याला सोसायटीच्या आवारात उतरवता येत नाही, तेव्हा बाथरूमचा एक कोपरा वर्तमानपत्र घालून ठरवून टाकावा. चौदाव्या मजल्यावरून लिफ्टची वाट पाहण्यापेक्षा तेच सोयीचेही पडते.

रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या इंडी, म्हणजे देशी कुत्र्याच्या कानाला खाच असेल, तर त्याची नसबंदी झालेली असते, म्हणजेच त्याला एकदा पकडून पिंजऱ्यात ठेवलेले असते. अशा कुत्र्यासाठी क्रेटच्या तळाचा ट्रे बाहेर काढून नुसत्या त्या ट्रेपासून सुरुवात करावी आणि महिना-दोन महिने लागले तरी चालू द्यावे. कोणतेही कुत्रे आत सतत लाळ गाळत असेल, दातांनी जाळी तोडत असेल किंवा नखांतून रक्त येईपर्यंत खरवडत असेल, तर तो हट्ट नसून एकटेपणाची किंवा कोंडले जाण्याची भीती असू शकते. प्रयोग तेथेच थांबवून पशुवैद्यांना दाखवावे.

दहीहंडीचे डीजे आणि दिवाळीचे फटाके सुरू झाले की सवय झालेले कुत्रे आपणहून क्रेटमध्ये शिरते. त्या वेळी तीन बाजूंनी चादर टाकावी, पण दार उघडेच ठेवावे, कारण घाबरलेल्या कुत्र्याला बाथरूमच्या कोपऱ्यात जास्त सुरक्षित वाटले तर तेथे जाता आले पाहिजे.

दीड-दोन वर्षांचे कुत्रे घरात मोकळे राहूनही काही कुरतडत नसेल, तर दार काढून टाकावे. ते दार, त्याचे खिळे आणि मधली जाळी मात्र एका पिशवीत घालून माळ्यावर जपून ठेवावी. पाय मोडला किंवा शस्त्रक्रिया झाली, तर डॉक्टर सक्तीची विश्रांती सांगतात आणि तेव्हा ते पुन्हा बसवावे लागते.