केमो चालू असताना हमिंगबर्डचे फोटो काढताय? मी केलेल्या या चुका टाळा

सहा महिन्यांत मी साधारण अकरा हजार फोटो काढले. ठेवण्यासारखे निघाले चाळीस-बेचाळीस, आणि त्यातले तीसेक तर शेवटच्या महिन्यातले, म्हणजे आधीचे पाच महिने मी जे काही करत होतो ते बहुतेक चुकतच होतं. सुरुवातीलाच कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून लिहितोय.

थोडक्यात पार्श्वभूमी. लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, त्यावर आर-चॉप नावाच्या केमोच्या सहा सायकल, दर २१ दिवसांनी एक. राहायला कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात, दुसरा मजला, पूर्वेची बाल्कनी. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेच नाही, त्यामुळे सांगलीहून आलेल्या माझ्या आईला पहिले आठ दिवस वाटत होतं की हा आपला जास्वंदीवरचा शिंजीरच आहे, पण शिंजीर वेगळ्या कुळातला आणि तो शक्यतो फांदीवर बसून मध पितो, हा हवेत एका जागी उभा राहून पितो. आमच्याकडे बारा महिने असतो तो ॲनाज हमिंगबर्ड. लांबी दहा सेंटिमीटर, वजन चार-पाच ग्रॅम, इथलं पाच सेंटचं नाणं बरोबर पाच ग्रॅमचं असतं, तेवढा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवणं. तो आला की मी उचलायचो, तो उजवीकडे गेला की मीही उजवीकडे, आणि फोकस लागेपर्यंत तो शेजाऱ्यांच्या झाडावर. निरोगी माणसालाही हे जमत नाही, मी तर तेव्हा आंघोळ करून आलो की दहा मिनिटं बसून राहायचो. मग एक गोष्ट लक्षात आली की हा पक्षी दिवसभर परत परत खायला येतो, दहा-पंधरा मिनिटांनी एक चक्कर असतेच, आणि नर तर एकच काडी धरून बसतो, तिथूनच सगळ्या फीडरवर (पक्ष्यांसाठी टांगलेली साखरपाण्याची बाटली) लक्ष ठेवतो आणि दुसरा कोणी आला की अंगावर धावून जातो. म्हणजे फोटो काडीचा काढायचा, पक्ष्याचा नाही! मी कुंडीत एक वाळकी फांदी खोचली, फीडरपासून हातभर लांब, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून त्या फांदीच्या टोकावर फोकस करून ठेवला, आणि खुर्चीत शाल घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी तो तिथे बसायला लागला. त्यानंतर माझं काम फक्त बटण दाबायचं.

लेन्सची हौस जरा आवरा. मित्राने प्रेमाने त्याची १५०-६०० झूम दिली, जवळजवळ दोन किलोची, वर कॅमेरा. हातात धरून चार मिनिटांत हात थरथरायला लागले, आणि बॅगेचा पट्टा बरोबर छातीवरच्या पोर्टवर (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) घासायचा ते वेगळंच. पोर्ट असेल तर पट्टा दुसऱ्या खांद्यावर घ्या किंवा घेऊच नका. बायपास झालेल्यांना किंवा काखेतल्या गाठी काढलेल्यांना तर वजन किती आणि कधीपासून उचलायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, त्यात कॅमेरा धरलेला नसतो असं समजू नका, तोही वजनच आहे. या मोठ्या लेन्सची अजून एक गंमत, साधारण पावणेतीन मीटरच्या आत ती फोकसच करत नाही. माझी बाल्कनी दीड मीटरची. दोन दिवस मी कॅमेरा बिघडला म्हणून बोंबलत होतो. शेवटी ७०-३०० घेतली, वजन पाऊण किलोच्या आत, आणि दीड मीटरवरून फोकस करते. विकत घेण्याआधी किमान फोकस अंतर बघाच, हे कोणी बघत नाही.

फीडरमधल्या पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो कारण इथे आपण मराठी लोक हमखास चुकतो

एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस. उकळून थंड करायचं, उरलेलं फ्रीजमध्ये आठवडाभर. आईने लगेच विचारलं, "अरे पांढरी साखर कशाला, मध घाल की, नाहीतर गूळ घाल, पांढरी साखर वाईट असते." तिचंही बरोबर, मला ती सहा महिने हेच सांगत होती. पण मधाच्या पाण्यात बुरशी आणि जंतू पटकन वाढतात, गुळात आणि ब्राऊन शुगरमध्ये लोह जास्त असतं जे या पक्ष्याला सोसत नाही, आणि शुगर-फ्री टाकलं तर तो बिचारा उपाशीच राहील कारण त्यात ऊर्जाच नाही. साधी साखर ही फुलातल्या मधाच्या सगळ्यात जवळची आहे.

आणि रंग घालू नका. मी पहिल्यांदा दुकानातलं तयार लाल पाणी आणलं होतं. त्या आठवड्यात माझा पहिला डोस झालेला, त्यात एक औषध अगदी लालभडक असतं, नर्स शेजारी बसून सिरिंजने हळूहळू सोडते आणि मग दिवसभर लघवीला पण लाल होते. घरी आलो तर बायको बाल्कनीत उभी, फीडरकडे बघत. म्हणाली, "हे लाल आधी काढ तिथून." मी म्हटलं अगं पक्षी लाल रंगाला येतात. ती म्हणाली फीडरचं झाकण लाल आहे ना, तेवढं पुरे. तिला शास्त्र माहीत नव्हतं पण बोलली ते शंभर टक्के बरोबर, रंगाची काही गरजच नसते.

पाणी उन्हाळ्यात दोन दिवसांनी, थंडीत चार-पाच दिवसांनी बदला, गढूळ दिसलं तर लगेच. फीडर गरम पाण्याने आणि ब्रशने घासा, काळे डाग दिसले तर व्हिनेगर. आता यातली माझी चूक, मी पहिले दोन महिने हे स्वतः करत होतो, हातमोजे न घालता, कठड्यावरची शिट पण ओल्या फडक्याने पुसायचो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, त्यात बुरशी आणि पक्ष्यांची घाण हातात घेणं म्हणजे आ बैल मुझे मार. नर्सला सहज बोलता बोलता सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. त्यानंतर धुणं आईकडे, भरणं बायकोकडे, मी फक्त खुर्चीत. तुमच्या डॉक्टर-नर्सच्या टीमला आधी विचारा, लाजू नका.

फीडर कुठे लावायचा? खिडकीच्या अगदी जवळ, मीटरभराच्या आत, म्हणजे उडताना काचेवर आदळला तरी वेग नसतो. नाहीतर मग चांगला दहा मीटर लांब. मधल्या अंतरावर धोका. आणि दोन फीडर लावणार असाल तर शेजारी शेजारी लावून उपयोग नाही, दादा दोन्हीवर दादागिरी करतो, एकावरून दुसरा दिसणार नाही असे लावा.

गळा काळा का येतो

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. नराचा गळा आणि डोकं गुलाबी चमकतं ते बघून तुम्ही फोटो काढता आणि येतो काळा ठिक्कर. तो गुलाबी रंगच नाहीये मुळात, पिसांच्या रचनेमुळे प्रकाश परावर्तित होऊन दिसतो, त्यामुळे ऊन तुमच्या पाठीमागून आणि पक्ष्याचं तोंड तुमच्याकडे, असं जमलं तरच पेटतो. मान जराशी वळली की विझला. मी पूर्वेच्या बाल्कनीत आत बसून सकाळी बाहेर बघत फोटो काढायचो, म्हणजे ऊन पक्ष्याच्या मागून. महिनाभर काळे पक्षी काढले, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) वाढवून बघितला, एडिटिंगमध्ये ओढून बघितलं, काळ्याचं राखाडी झालं फक्त. मग खुर्ची बाल्कनीच्या बाहेरच्या कोपऱ्यात खांबाच्या सावलीत नेली, पाठ पूर्वेला, काडी उन्हात, फीडर सावलीत. सावलीत बसणं महत्त्वाचं कारण बऱ्याच औषधांनी कातडी उन्हाला जास्त भाजते, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, डोक्यावर केस नसतात हे आपण विसरतो आणि टक्कल भाजलं की रात्रभर उशीवर डोकं टेकवत नाही.

शटरचं सांगतो. उडताना हा सेकंदाला चाळीसच्या वर वेळा पंख हलवतो, १/५०० सेकंदाला पंखांच्या जागी धूर येईल. उन्हात १/३२०० ठेवा, आयएसओ ऑटो सोडा, दाणे आले तर येऊ देत. पंख पूर्ण गोठलेले हवे असतील तर फ्लॅशशिवाय इलाज नाही, आणि तिथे गंमत अशी की फ्लॅश जितका कमी ताकदीवर तितकी त्याची लखलख छोटी, म्हणून लोक तीन-चार फ्लॅश १/१६ किंवा १/३२ वर लावतात. ड्यूपाँट कंपनीचा अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट १९५० च्या दशकात खास बनवलेले फ्लॅश घेऊन हमिंगबर्डच्या मागे फिरायचा, एवढी मोठी कंपनी चालवून! मी नाही गेलो त्या वाटेला, स्टँड मांडणं आणि काढणं यातच माझा दिवसाचा कोटा संपला असता. बसलेला पक्षी असेल तर १/२५० पण चालतं, आणि खरं सांगू का, मला बसलेलेच फोटो जास्त आवडायला लागले.

एक नवीन कॅमेऱ्यांची भानगड. सायलेंट शटरने पंख केळ्यासारखे वाकडे येतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो तोपर्यंत पंख पुढे गेलेला असतो. मेकॅनिकल शटर लावा. आवाजाला हा पक्षी घाबरत नाही फारसा, तो माझ्या आईच्या मिक्सरलाही घाबरला नाही.

थंडीत काचेआडून काढायचं असेल तर लेन्स काचेला जवळजवळ चिकटवा, सरळ, तिरकी नको, खोलीतले दिवे बंद. बस.

बोटं. याबद्दल कुठेच लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. माझ्या केमोतल्या एका औषधाने तिसऱ्या सायकलनंतर बोटांची टोकं बधिर झाली, शर्टाची बटणं लागेनात. शटर अर्धं दाबून फोकस आणि पूर्ण दाबून फोटो, हा अर्धा आणि पूर्ण यातला फरकच बोटाला कळेना, एका सकाळी रिकाम्या फांदीचे नऊशे फोटो निघाले. उपाय म्हणजे फोकस मॅन्युअल करून काडीवर कायम लावून ठेवा आणि मोठ्या बटणाचा वायरलेस रिमोट घ्या, तो पूर्ण मुठीत धरून अंगठ्याने दाबता येतो. सेटिंग लक्षात राहत नसतील (राहणार नाहीत) तर सगळी एका कस्टम मोडमध्ये सेव्ह करा आणि कॅमेऱ्यावर चिठ्ठी चिकटवा. माझ्या कॅमेऱ्यावर अजून आहे, "डायल एकवर, कार्ड आहे का बघ".

आता जी चूक महागात पडली ती. डिसेंबरमध्ये पहाटे बाल्कनीत बसलो होतो, हुडहुडी भरली, म्हटलं थंडीच आहे, अजून दहा मिनिटं, उजाडेल आता. आत आलो तर दात वाजतायत. आईने थर्मामीटर लावला, १००.६. केमोवाल्या प्रत्येकाला १००.४ हा आकडा पाठ असतो, तेवढा झाला किंवा वर गेला की हॉस्पिटलला फोन, वेळ कुठलीही असो. मला पाठ होता आणि तरी मी अर्धा तास उजेडाची वाट बघत बसलो. चार दिवस ॲडमिट. थंडी वाजली की आधी थर्मामीटर, मग कॅमेरा.

त्याच पहाटे म्हणजे आत येण्याच्या जरा आधी फीडरवर एक मादी बसली होती, पिसं फुगवून, डोळे मिटून, चोच वर, हलेना. मी मेली समजून काचेवर टकटक करणार होतो. करू नका. थंड रात्री हे पक्षी शरीराचं तापमान आणि हृदयाचे ठोके एकदम खाली आणून ऊर्जा वाचवतात आणि पूर्ण जागं व्हायला त्यांना वेळ लागतो. ती उजाडल्यावर थरथरली, प्यायली, गेली. हे मी पाहिलं नाही, आईने सांगितलं, मी तोवर गाडीत होतो.

घरट्याचं एकच. इथे डिसेंबरपासूनच घरटी सुरू होतात, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं अक्रोडाएवढं घरटं, आत शेंगदाण्याएवढी दोन अंडी. फोटोत आडवं येतंय म्हणून पान तोडू नका, तेच पान त्यांची सावली असते आणि तेच कावळ्यापासून लपवतं. शिवाय इथे १९१८ च्या कायद्याने घरट्यांना संरक्षण आहे.

आणि रात्री डिलीट करत बसू नका. प्रत्येक सायकलचे पहिले पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या असायच्या, त्या दिवसांत पहाटे तीनला टक्क जाग, डोकं सुसाट, आणि सगळ्यात भारी काम सुचायचं ते म्हणजे कार्ड साफ करणं. कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची स्क्रीनवर बघून मी सहाशे फोटो उडवले, सगळे भिकार वाटले म्हणून. सकाळी आई म्हणाली तो जीभ बाहेर काढलेला दाखव ना मावशीला पाठवायचाय. प्यायल्यावर तो जीभ बाहेर काढतो, पांढऱ्या दोऱ्यासारखी, क्षणभरच. तो गेला होता. मग मोठं कार्ड घेतलं, आणि स्टेरॉइडच्या पाच दिवसांत डिलीटला हात लावायचा नाही असं ठरलं, बायकोने तसं त्या चिठ्ठीवरच लिहून टाकलं. जिभेचा फोटो अजून परत मिळालेला नाही. काल दोनदा काढली त्याने जीभ, दोन्ही वेळा माझ्या हातात चहाचा कप.