माता-बाल आरोग्याचे संशोधन परदेशी संस्थेबरोबर करताना

एखादे ग्रामीण रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचा विभाग किंवा सेवाभावी संस्था परदेशी विद्यापीठाबरोबर संशोधन करायचे ठरवते, तेव्हा पहिली चर्चा बहुधा निधीची होते. ती मागाहून करावी. आधी आपल्या प्रसूती नोंदवहीची, गरोदर मातांच्या तपासणी कार्डांची आणि बालमृत्यूंच्या नोंदींची गेल्या तीन वर्षांची पाने उलटावीत, आणि जे रोज डोळ्यांना खुपते पण ज्याचे उत्तर सापडत नाही, ते दोन ओळींत लिहून काढावे. तेवढ्या दोन ओळी नसतील, तर पाहुण्यांचा प्रश्न आपल्या गावांवर उतरवला जातो आणि आपण केवळ नमुने गोळा करणारे हात होतो.

प्रश्न आपला असला की काय घडते, हे पुण्यात दिसले. आपल्याकडच्या माणसांना कमी वयात आणि फारसे वजन नसतानाही मधुमेह का होतो, हा केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा प्रश्न होता. गर्भातल्या वाढीचा पुढच्या आजारांशी संबंध हा इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांचा विषय होता. या दोन वाटा मिळून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू झाला. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख टिपत, त्यामुळे गर्भधारणा लवकर कळे आणि आईचे गरोदरपणाआधीचे वजनही हाती असे. पुढे साऊदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना झाली तेव्हा तिकडचे सरासरी वजन सुमारे ३.५ किलो आणि इकडचे २.७ किलो भरले, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारच थोडी कमी होती. दोन्हीकडे मोजण्याची पद्धत एकच ठेवली नसती, तर हे कळलेच नसते.

भागीदार निवडताना त्यांचे भारतातील आधीचे शोधनिबंध काढून वाचावेत. इथल्या संशोधकांची नावे पहिल्या किंवा शेवटच्या स्थानी आहेत का, विश्लेषण इथे झाले की सगळी माहिती बाहेर गेली, हे त्यातून बरेचसे उमगते. पूर्वी त्यांच्याबरोबर काम केलेल्या एखाद्या स्थानिक संस्थेशी फोनवर मोकळेपणाने बोलावे; माझ्या मते गुळगुळीत माहितीपत्रकापेक्षा हे बोलणे अधिक उपयोगी पडते.

त्यानंतरच करार करावा. संपूर्ण माहितीची प्रत आपल्याकडे राहील, रक्ताचे नमुने कोणत्या तपासणीसाठी व किती काळ ठेवले जातील, ते पुन्हा वापरायचे झाल्यास परवानगी कोण देईल, लेखकांची नावे कशी ठरतील आणि प्रकल्प संपल्यावर उपकरणे कोणाची, हे सर्व लेखी असावे. तोंडी शब्दावर काहीही सोडू नये.

परवानग्यांना वेळ लागतो, म्हणून वेळापत्रकात त्यांच्यासाठी भरपूर महिने राखून ठेवावेत. संस्थेच्या नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची मान्यता तर हवीच. शिवाय परदेशी सहकार्य असलेल्या संशोधनाचा प्रस्ताव आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातो. औषध किंवा उपचार पारखणारी वैद्यकीय चाचणी (क्लिनिकल ट्रायल) असेल तर पहिली सहभागी घेण्यापूर्वीच तिची सीटीआरआय या अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करावी लागते. स्वयंसेवी संस्थांनी परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० ची दुरुस्ती नीट वाचावी: मिळालेली परदेशी देणगी आता दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. गावपातळीवरच्या छोट्या संस्थेला सोबत घेण्याचा विचार असेल, तर पैशांची आखणी या मर्यादेतच करावी लागेल.

संमतीपत्रावर मात्र मनापासून वेळ घालवावा. ‘सहभाग ऐच्छिक आहे’ हे वाक्य शुद्ध असले तरी ते कुणाच्या घरात बोलले जात नाही. ‘तुम्हाला नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, दवाखान्यातले उपचार थांबणार नाहीत’ असे म्हटले की बाई मान वर करून बघते. कोणती सहभागी कोणत्या गटात जाईल, हे ‘चिठ्ठी टाकावी तसं ठरेल’ असे सांगावे. मराठी मजकूर मूळ न वाचलेल्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यावा, म्हणजे अर्थ कुठे निसटला ते सापडते. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. आणि सासूबाईंनी होकार दिला म्हणजे सुनेची संमती मिळाली, असे कदापि धरू नये. तिच्याशी वेगळे बोलण्याची सोय आधीच करावी.

मोजमापाचे साधन जिथे वापरायचे त्या जागेला साजेसे असावे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने अमेरिकी संशोधकांबरोबर केलेल्या चाचणीत प्रसूतीनंतरचा रक्तस्राव अंदाजाने ठरवला नाही. बाळंतिणीच्या कमरेखाली प्लास्टिकची चादर पसरली जाई आणि तिच्या टोकाला असलेल्या, खुणा केलेल्या पिशवीत रक्त साठून किती मिलिलिटर झाले ते वाचता येई. घरी आणि उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या सहायक परिचारिकांनाही ते जमले. १,६२० स्त्रियांच्या या चाचणीत गर्भाशय आकुंचित करणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मधली पाच वर्षे लक्षात घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पहिल्या बैठकीपासूनच बोलवावे, कारण निष्कर्ष शेवटी त्यांच्याच औषधसाठ्यात उतरायचा असतो.

काही निष्कर्षांना तर शोधनिबंधाची वाट पाहताच येत नाही. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली आले, तर तिचा अहवाल त्याच दिवशी तिच्या हाती जाईल, तो आशाताईंना कळेल आणि रुग्णालयात नेण्यासाठी गाडी मिळेल, एवढी तजवीज पहिला नमुना घेण्याआधी कागदावर असली पाहिजे आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दाखवलेला असला पाहिजे.