पोराचं मन ठिकाणावर नसेल तर घरातली बंदूक आधी बाहेर काढा

इलेक्शन लागलं की पोलीस ठाण्यातनं फोन येतो, आचारसंहिता लागलीय, बंदूक जमा करा. आपण काय करतो, कव्हरात घालून गाडीवर टाकतो, जमा करतो, पोच घेतो आणि घरला येतो. कुणी का म्हणून विचारत नाही, कुणाची इज्जत जात नाही. गावात भांडणं होऊ नयेत म्हणून महिना दीड महिना बंदूक बाहेर ठेवायला आपली ना नसते, मग घरात एकोणीस वर्षाचं पोरगं आतल्या आत विझत चाललंय तेव्हा तीच बंदूक कपाटात कशी काय राहते? माझ्याकडं राहिली. एकवीस दिवस. म्हणून हे सगळं लिहायला बसलोय, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजेतनं आलेले लई जण आहेत, राधानगरी भुदरगड आजरा चंदगडकडं डुकरं-गवे हाकलायला पीक संरक्षणाचा परवाना घेतलेले आहेत, त्या सगळ्यांसाठी.

माझं थोडक्यात सांगतो. सतरा वर्ष फौजेत काढली, आल्यावर बँकेत गनमन होतो, नोकरी सुटली आणि बारा बोअरची दोन नळी तेवढी घरात राहिली. घर एकत्र, थोरला भाऊ, वहिनी, आम्ही दोघं, पोरं. पुतण्याचा नीटचा दुसरा अटेम्प्ट होता. 2024 ला लोकसभेची आचारसंहिता उठल्यावर जूनमध्ये मी बंदूक परत घरी आणली आणि त्याच जूनमध्ये त्याचा निकाल लागला. रविवारी मटण असलं की हे पोरगं आधी तांबड्या रश्शाची वाटी रिकामी करायचं आणि मग भाकरीला हात लावायचं. त्या रविवारी वाटी तशीच, तर्री गार होऊन वर गोठली तरी ते त्याच्याकडं बघत बसलेलं. भाऊ म्हणाला, नाटकं करतंय, अभ्यास केला असता तर ही वेळ आली नसती. मी पण गप्प बसलो, ते माझं चुकलं. पुढं तीन आठवड्यांनी त्यानं आपले नवे शूज धाकट्याला देऊन टाकले आणि मला सहज विचारल्यासारखं विचारलं, काका तुमची बंदूक अजून चालती का ओ. त्या रात्री मी उठून कपाट उघडलं, काडतुसं मोजली, सगळी होती. त्याच कपाटाच्या खालच्या खणात होती, बंदुकीपासून वीतभर अंतरावर. मला वाटायचं कपाटाला कुलूप आहे म्हणजे झालं.

आता काय करायचं ते सांगतो, आणि पोराला दवाखान्यात न्यायचं हे पहिलं काम नव्हे, ते दुसरं. पहिलं काम बंदूक घराबाहेर. शंका आली त्याच दिवशी. कारण असं आहे की मरायचा विचार महिनोन्महिने मनात असला तरी ती जी टोकाची घटका असते ती लई वेळा थोड्याच वेळाची असते, काही मिनिटांची काही तासांची, आणि त्या घटकेला हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. बंदूक असेल तर दुसरी संधी जवळजवळ मिळतच नाही. फौजी लोकांना कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली माहीत आहे, ड्युटी संपली की हत्यार कोतात. इस्रायलच्या सैन्यात 2006 साली असाच नियम केला, आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल न्यायची नाही, युनिटात जमा करून जायचं. त्यानंतर जवानांच्या आत्महत्या जवळजवळ 40 टक्क्यांनी कमी झाल्या. पोरं तीच होती, टेन्शन तेच होतं, रात्री उशाशी रायफल नव्हती एवढंच.

जमा कशी करायची. आधी बंदूक मोडून म्हणजे नळ्या खाली वाकवून उघडून दोन्ही नळ्या डोळ्यानं बघा, बोट घालून बघा, रिकामी आहे ही खात्री स्वतः करा, "गेल्या वर्षी रिकामी करून ठेवलेली" यावर विश्वास ठेवू नका. काडतुसं वेगळी, मोजून. परवान्याचं पुस्तक आणि त्याची झेरॉक्स घ्या, साध्या कागदावर अर्ज लिहा की घरगुती कारणासाठी शस्त्र सुरक्षित ठेवायला जमा करत आहे, नंबर, बोअर, काडतुसांची संख्या. पोराचं नाव, आजार काही लिहायची गरज नाही. ठाण्यात जागा नाही म्हणाले किंवा जास्त दिवस ठेवायची असेल तर परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडं ठेवता येते, तो भाडं घेतो, पावती देतो. मी गेलो तेव्हा एकजण हसून म्हणाला आता कुठलं इलेक्शन आहे, मी तिथंच थांबलो, पोच हातात येईपर्यंत हललो नाही. तुम्ही पण हलू नका. पोच लई महत्त्वाची.

आणि एक चूक कुणी करू नका, मेव्हण्याकडं नाहीतर भाऊबंदाकडं चार दिवस ठेवतो म्हणून बंदूक देऊ नका. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. ज्याच्याकडं तुम्ही ठेवाल तो बिनपरवाना हत्यार बाळगतोय असं होतं, गुन्हा त्याच्यावर पण आणि तुमच्यावर पण. जमिनीच्या वादातनं बोलणं बंद असलेल्या भावकीत तर ही गोष्ट कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही.

कायदा पण माहीत असू द्या. शस्त्र अधिनियम 1959 चा आहे, त्यात 21 वर्षं पूर्ण नसलेल्याला बंदूक बाळगता येत नाही आणि ज्याची मानसिक अवस्था ठीक नाही अशालाही नाही. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली. मिरवणुकीत लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 2016 च्या नियमांप्रमाणं परवाना मागताना मानसिक आरोग्यासकट मेडिकल सर्टिफिकेट लागतं. पण ते सर्टिफिकेट परवानेवाल्याचं असतं, घरातल्या पोराचं कुणी विचारत नाही, ते आपलं आपणच विचारायचं. आणि बंदूकवाल्याचं स्वतःचं मन पण. बाप रोज पीत असेल, फौजेतनं आल्यापासून झोप उडाली असेल, तर वर सांगितलेलं सगळं त्यालाच लागू. नकोच वाटत असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः अर्ज करून परवाना रद्द करून घेता येतो, कमीपणा काही नाही.

कुणी म्हणेल आमचं पोरगं शूटिंग शिकतंय. शिकू द्या की. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसला ब्राँझ आणलं, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आपल्याच, पोरांना वाटणारच. पण रेंजवर बघा काय शिस्त असते, फायरिंग थांबलं की बंदूक रिकामी, चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग, नळीचं तोंड टार्गेटकडं, कोचची नजर वर. ती शिस्त घरात रात्री दोनला नसते. पोराचे दिवस वाईट चालले असतील तर कोचना बाजूला घेऊन सांगा, एअर रायफल पण तेवढे दिवस घरी नको.

बंदूक परत घरी आणायची वेळ आली तरी जुन्या पद्धतीनं ठेवू नका. भिंतीला जखडलेली लोखंडी पेटी, बंदूक रिकामी, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, आणि चावी अंगावर. पोरांना चावी कुठं असते ते माहीत असतंच, देवघरात गणपतीच्या मागं, डाळीच्या डब्यात, आजीच्या लुगड्याच्या घडीत. लहानपणी खाऊ शोधताना सगळी घरं त्यांनी पालथी घातलेली असतात.

आता बंदूक नसलेल्यांनी पण हे वाचा. आपल्याकडं खरं बघितलं तर बंदुकीपेक्षा जास्त घरात फवारणीची औषधं असतात, तणनाशकाचा अर्धा कॅन गोठ्यात, बाटली न्हाणीच्या कोनाड्यात. उरलेलं औषध घरात आणूच नका, शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा आणि लागेल तेवढंच घ्या. श्रीलंकेनं जास्त विषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून जास्त घटल्या. आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची पिशवी पण फळीवर उघडी नको.

मग पोराशी बोलायचं. समोर बसवून चौकशी केल्यासारखं नको. मी त्याला गाडीवर मागं बसवून रंकाळ्यावर नेलं, कट्ट्यावर शेजारी शेजारी बसलो, तोंड पाण्याकडं. सरळ विचारलं, तुला मरावंसं वाटतंय का रे. विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून हलकं होतं. ते बराच वेळ काही बोललं नाही, मग म्हणालं, रोज वाटतंय काका. त्यावर मी काय बोलावं मला कळेना, मी फक्त त्याचा हात धरला आणि म्हटलं सांग. तुम्हाला काय बोलायचं कळलं नाही तरी चालेल, पण "आम्ही तुला काय कमी केलं", "त्या अमक्याच्या पोराकडं बघ", "फौजेत गेला असतास म्हणजे कळलं असतं" ही वाक्यं गिळून टाका. हे कुणाला सांगणार नाही असं वचन पण देऊ नका, ते पाळता येत नाही. त्याला सांगा की दवाखान्यापुरतं आणि घरातल्या दोघांपुरतं सांगणार.

लक्ष कशावर ठेवायचं, तर बदलावर. रोज तालमीत जाणारं पोरगं जायचं बंद होतं, रात्र जागून दिवसा झोपतं, आंघोळ टाळतं, आवडीच्या वस्तू वाटून टाकतं, "माझा काय उपयोग" असं बोलतं, नाहीतर लई दिवस उदास असून एकदम शांत होतं, त्या शांततेला फसू नका. निकालाचे दिवस, भरतीत बाद झालेले दिवस, अग्निवीरचं वय निघून गेलेलं वर्ष, प्रेमातलं काही, घरात वाटणीवरनं रोजची भांडणं, हे काळ जपायचे.

दवाखाना. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि जायचं, खाजगीत परवडत असेल तर तिकडं जा. 14416 हा टेली मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, रात्री काही सुचेना झालं की घरच्यांनी पण लावायचा, पेशंटनंच लावायला पाहिजे असं नाही. वहिनींनी आधी दृष्ट काढली, देवाला नवस बोलल्या, मी अडवलं नाही, फक्त म्हटलं नवस पण बोला आणि गोळी पण चुकवू नका. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि तरुण पोरांना सुरुवातीच्या आठवड्यात जास्तच जपावं लागतं म्हणून तेवढे दिवस एकटं सोडायचं नाही, गोळ्या मोठ्या माणसानं हातात द्यायच्या. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. बंदूक जमा केलीय, औषधं कुलपात आहेत हे डॉक्टरांना सांगा, त्यांना ते उपयोगी पडतं.

पोलीस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात न्यायला घाबरतात. मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या 115 कलमात स्पष्ट आहे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, आणि भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं 309 कलम तसं राहिलेलंच नाही. तेव्हा वेळ आली तर 108 लावा, 112 लावा, थांबू नका, पोराला एक मिनिट एकटं सोडू नका.

भावाची समजूत काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो वाईट नाही, त्याला भीती वाटत होती की गावात कळलं तर पोराचं लग्न जमणार नाही. मी त्याला डॉक्टरांसमोर बसवलं, डॉक्टर म्हणाले साखर वाढली तर तुम्ही त्याला नाटक म्हणाल का, तो काही बोलला नाही, पण येताना त्यानं स्वतः पोराच्या गोळ्या विकत घेतल्या आणि गाडीवर पोराला आपल्या मागं बसवलं.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली आणि ठाण्यातनं फोन आला, बंदूक जमा करा. म्हटलं साहेब, ती जुलैपासून विक्रेत्याकडं जमा आहे, पावतीचा फोटो पाठवतो. मला ते फोटो पाठवायचं नीट जमत नाही. पुतण्या भाकरी खात होता, त्यानं हात धुतला, पावती उजेडात धरून फोटो काढला, पाठवला आणि म्हणाला, गेला काका.