रामायण मालिकेच्या गोष्टी: खरी कोणती, पिकवलेली कोणती, कसं ओळखायचं

रामनवमी जवळ आली, पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेची तयारी सुरू झाली की नागपुरातल्या झाडून सगळ्या फॅमिली ग्रुपवर रामानंद सागरांच्या रामायणाचे फॉरवर्ड यायला लागतात. कोणी म्हणतं ६५ कोटी लोकांनी पाहिली, कोणी म्हणतं अयोध्येत शूट झाली, कोणी रावणाच्या ऑडिशनचा किस्सा टाकतं. यातलं काही खरं आहे, काही अर्धं खरं आहे अन् काही नुसतं पिकवलेलं आहे. ज्या मालिकेवर आपण एवढा जीव टाकला तिचा इतिहास तरी नीट असावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून मी कसं तपासतो ते इथं लिहून राहिलो.

सगळ्यात आधी फॉरवर्डचे तुकडे करा. एका मेसेजमध्ये चार-पाच दावे एकत्र असतात अन् त्यातला एक खरा निघाला की आपण बाकीचे पण खरे धरतो, घोटाळा इथंच होतो. तारीख वेगळी काढा, आकडा वेगळा, जागा वेगळी, कोण काय म्हणालं ते वेगळं. प्रत्येकाला तपासायची रीत वेगळी आहे.

तारखेसाठी कॅलेंडर पुरतं. मालिका दर रविवारी सकाळी साडेनऊला लागायची, म्हणजे कुठल्याही भागाची तारीख कोणी सांगितली की त्या दिवशी रविवार होता का ते मोबाईलवर बघून घ्या. पहिला भाग २५ जानेवारी १९८७, रविवार. शेवटचा ३१ जुलै १९८८, तो पण रविवार. "प्रजासत्ताक दिनाला सुरू झाली" असं कोणी म्हणालं तर २६ जानेवारी १९८७ ला सोमवार होता, विषय तिथंच संपला. आणखी एक मजेशीर हिशोब करून बघा. या दोन तारखा धरून मधले रविवार मोजले तर ८० भरतात अन् भाग आहेत ७८. म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात, फक्त दोन रविवार मालिका लागली नसणार, ते कोणते हे जुन्या पेपरातल्या टीव्हीच्या कार्यक्रमांत शोधता येतं. आधी ५२ भागच ठरले होते अन् मग वाढवत वाढवत ७८ झाले, त्यामुळे कुठं ५२ दिसलं तर ते सरळ चूक म्हणून फेकू नका, तो मूळ प्लॅनचा आकडा असू शकतो.

आता ६५ कोटींचं बघू, कारण हाच आकडा सगळ्यात जास्त फिरतो. १९८१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या ६८ कोटींच्या आसपास होती, १९९१ ला ८४ कोटींच्या वर गेली. मधल्या १९८७ मध्ये ८०च्या आगेमागे धरा. मग ६५ कोटी म्हणजे दर पाचातले चार जण झाले, तान्ह्या बाळापासून तर वीजच न पोचलेल्या गावातल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे धरून! त्या काळी आख्ख्या मोहल्ल्यात एक-दोन घरी टीव्ही असायचा, खोलीत पन्नास-पन्नास माणसं बसायची हे कबूल, तरी एका रविवारी एवढे लोक बसणं शक्यच नाही. फिलिप लुटगेनडॉर्फ नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं त्याच काळात या मालिकेवर काम केलं होतं, त्याचा अंदाज आहे ८ ते १० कोटींचा. आता बघा, १० कोटी म्हणजे लहान आकडा आहे का? दर आठ माणसांमागे एक. मालिकेचं मोठेपण सांगायला एवढं भरपूर झालं, फुगवायची गरजच नाही. अन् मोठा आकडा दिसला की हे पण विचारायचं की हा एका भागाचा आहे का सगळ्या भागांची बेरीज आहे, कारण एकच माणूस ७८ वेळा मोजला तर कोटी किती पण चढतात.

याच चालीनं २०२० चा विश्वविक्रम बघा. लॉकडाऊनमध्ये २८ मार्चपासून मालिका परत लागली अन् एप्रिलच्या शेवटी दूरदर्शननं जाहीर केलं की १६ एप्रिलला ७.७ कोटी लोकांनी पाहिली, जगात सगळ्यात जास्त पाहिलेला मनोरंजनाचा कार्यक्रम. इथं दोन दावे आहेत. ७.७ कोटी प्रेक्षक हा एक अन् "जगात पहिला" हा दुसरा. पहिला नाकारायचं मला कारण दिसत नाही. दुसरा टिकत नाही, कारण अमेरिकेतल्या मॅश मालिकेचा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ ला साधारण १०.६ कोटी लोकांनी पाहिला होता. "जगात पहिला" वाचलं की आधी दुसऱ्या नंबरवर कोणाला धरलंय ते शोधायचं, बहुतेक वेळा कोणाला धरलेलंच नसतं.

जागेचं सोपं आहे. शूटिंग झालं उंबरगावला, म्हणजे गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, आपल्या पालघर जिल्ह्याला लागूनच. वनवास, लंका, अयोध्येचा महाल, मुख्य काम तिथल्या स्टुडिओत अन् आसपास झालंय. हे कलाकार, टेक्निशियन, गावातले लोक असे वेगवेगळे सगळे सांगतात, त्यामुळे यात शंका नको.

खरी कसरत आहे मुलाखतींची. अरुण गोविल सांगतात की रामाच्या रोलसाठी त्यांना आधी नकार मिळाला होता. अरविंद त्रिवेदी सांगायचे की ते केवटाच्या रोलसाठी गेले होते अन् रावण होऊन आले. तिकडे महाभारतातले पंकज धीर सांगायचे की त्यांना अर्जुनाचा रोल होता पण मिशी काढायला नाही म्हणाले अन् मग कर्ण मिळाला. हे किस्से खोटे आहेत असं मी म्हणत नाही, मला स्वतःला ते फार आवडतात. पण तीस वर्षांनी सांगितलेली आठवण दरवेळी थोडी गोल गुळगुळीत होते, त्यामुळे लिहिताना "झालं" लिहू नका, "त्यांनी असं सांगितलंय" लिहा. मग दुसरा साक्षीदार शोधा, जो त्या खोलीत होता. महाभारतासाठी गूफी पेंटल बघा, ते शकुनी तर होतेच पण कास्टिंगचं काम पण त्यांच्याकडेच होतं. शिवाय त्याच माणसाची जुनी मुलाखत अन् नवी मुलाखत बाजूबाजूला ठेवा, जुनीत नसलेली डिटेल नवीत आली असेल तर तिथं पेन्सिलनं खूण करा.

अन् बावा, जे पडद्यावर दिसतं ते आधी पडद्यावर बघा नं! "वाली अन् सुग्रीव एकाच माणसानं केले" हे ऐकून लोक हसतात, पण खरंच दोन्ही श्यामसुंदर कलानींनी केलेत. दशरथ अन् कौसल्या म्हणजे बाळ धुरी अन् जयश्री गडकर खऱ्या आयुष्यात नवरा-बायको होते, हे पण शंभर टक्के खरं. ऐकायला अचाट वाटलं म्हणून खोटं ठरवू नका. उलट अगदी साधी वाटणारी बातमी फसवते. २०२० च्या मे महिन्यात अरविंद त्रिवेदी गेले म्हणून फोटोसकट श्रद्धांजल्या फिरल्या, तेव्हा ते होते, ते गेले ऑक्टोबर २०२१ मध्ये. एक काळजी घ्या, आज ऑनलाइन किंवा डीव्हीडीवर जे मिळतं ते बऱ्याचदा नव्यानं कापलेलं, जोडलेलं असतं, त्यामुळे एखादा सीन तिथं नाही म्हणून तो कधी नव्हताच असं धरू नका.

आता नागपूरवाल्यांसाठी खास काम. उत्तरकांड दाखवा म्हणून सफाई कामगारांनी संप केला ही गोष्ट खरी आहे, १९८८ मध्ये जालंधरला, वाल्मिकींना आपला पूर्वज मानणाऱ्या समाजाला ती कथा लव-कुशापर्यंत हवी होती अन् संप उत्तरेतल्या आणखी शहरांत पसरला. नंतर उत्तर रामायण निघालं. पण "देशभर संप, नागपूर पण बंद" असं कोणी सांगत असेल तर हितवाद, तरुण भारत, लोकमत यांचे जुलै-ऑगस्ट १९८८ चे अंक वाचनालयात मागा अन् शहराचं पान बघा. कचरा उचलला नाही तर पेपरात येणारच. असंच "रामायण बघता यावं म्हणून नागपूर स्टेशनवर गाडी थांबवून ठेवली होती" या किस्स्याचं. कोणती गाडी, कोणता महिना, सांगणारा स्वतः गाडीत होता का त्याला काकानं सांगितलं, एवढं विचारलं तरी अर्धा गाळ खाली बसतो.

घरच्या मोठ्यांना जरूर विचारा, पण तारीख विचारू नका, तारीख कोणालाच आठवत नाही. घर कोणतं होतं, आपण कोणत्या वर्गात होतो, टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता का कलर, शेजारी कोण बसायचं हे विचारा अन् त्यावरून साल काढा. "रामायण अन् महाभारत एकाच वेळी लागायचे" असं आजी म्हणाली तर लगेच चूक काढू नका. महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं, मूळ रामायण तोवर संपलं होतं, पण उत्तर रामायण त्याच सुमारास चालू होतं. अन् २०२० मध्ये तर दोन्ही रोज लागत होते. आजीची आठवण यातल्या कोणत्या काळाची आहे ते तिलाच सावकाश विचारा, अन् ती जे सांगेल ते तिच्याच शब्दात, त्या दिवसाची तारीख टाकून वहीत लिहून ठेवा.