जुनं परफॉर्मन्स इंजिन घरी बांधायचंय? पाना हातात घ्यायच्या आधीची तयारी

आधी वही घ्या, पाने नंतर. बहुतेकांची सुरुवात कॅटलॉग चाळण्यापासून होते, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कुठला, कार्ब्युरेटर कुठला, पिस्टन फोर्ज्ड (घडवलेले) घ्यायचे की कास्ट (ओतीव), आणि इकडे इंजिन अजून गाडीतच बसलेलं असतं, आत काय शिल्लक आहे ते कोणालाच माहीत नसतं. माझ्या मते क्रम असा ठेवा: गाडी कशासाठी हवी ते ठरवा, मग इंजिन खोलून मोजा, मग मशीनिंग करणाऱ्याशी बोला, आणि पार्ट सगळ्यात शेवटी मागवा. हा क्रम उलटा केला की घरात चकचकीत खोकी जमतात आणि त्यातलं निम्मं बसत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा, हे इंजिन किती आरपीएमला राहणार आहे? रस्त्यावर फिरवायची गाडी बहुतेक वेळ १५०० ते ४५०० मध्येच असते, आणि तिच्यात ३०० डिग्री ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह फार वेळ उघडे ठेवणारा, रेसचा कॅम टाकला तर आयडलला (उभ्या उभ्या चालू असताना) गाडी धडधडणार, कमी आरपीएमची ओढ (टॉर्क) जाणार, व्हॅक्यूम एवढा पडेल की ब्रेक बूस्टरला पुरणार नाही, मग ब्रेक दगडासारखे लागतात. कॅम, कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट आणि डिफरन्शियलचा गिअर रेशो ही सगळी मंडळी एकमेकांशी बांधलेली आहेत. एक हलवलं की बाकीची हलतात. मला विचाराल तर रस्त्याच्या गाडीला मध्यम कॅम, नीट केलेलं व्हॉल्व्हचं काम आणि बॅलन्स केलेला क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) एवढ्यातच जास्त मजा आहे. पण ते फोटोत दिसत नाही, म्हणून कोणाला नको असतं.

इंजिन बाहेर काढायच्या आधी ते चालू स्थितीत असेल तर त्याच्याकडून जेवढी माहिती मिळेल तेवढी घेऊन ठेवा, कारण एकदा खोललं की ती परत मिळत नाही. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब होतो ते गेजनं बघणं) गरम इंजिनावर करा, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल सोडून परत बघा, आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग). लीकडाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये दाबानं हवा सोडणारं साधन) मिळाला तर अजून बरं, हवा कुठून सुटते ते कानाला कळतं: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ऑइल टाकायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा. गरम झाल्यावरचं ऑइल प्रेशरही लिहा. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना ढोबळ हिशोब आहे, तो धरून चाला.

जागेचं म्हणाल तर गाडीसाठी जेवढी लागते तेवढीच अजून लागते, कारण सुट्टे भाग इंजिनपेक्षा कितीतरी जास्त पसरतात. सपाट पक्की जमीन, भरपूर उजेड, हवा खेळती. पेट्रोल आधीच काढून बंद डब्यात लांब ठेवा, हाताशी ड्राय पावडरचं अग्निशामक ठेवा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली स्टँड हवेतच. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या किंवा तापलेल्या लोखंडाच्या आसपास वापरू नका, त्यातून फॉसजीन नावाचा विषारी वायू होतो. आणि जुन्या गाडीची गॅस्केट, क्लचची धूळ कोरडी घासू नका की हवेनं उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून खरवडा.

होइस्ट आणि इंजिन स्टँड दोन्ही वजनाला पुरेसे घ्या. कास्ट आयर्नचं व्ही८ सगळ्या लवाजम्यासकट अडीचशे किलोच्या पुढे जातं, तीन चाकांचा हलका स्टँड अशा वजनाला हलवताना कलंडतो, म्हणून चार चाकांचाच घ्या. स्टँडवर इंजिन धरणारे बोल्ट हाय टेन्साइल हवेत, ८.८ ग्रेड किंवा वरचे, कोपऱ्यातल्या डब्यातले कुठलेही चार नकोत.

खोलायची तयारी म्हणजे पिशव्या, लेबलं, मार्कर आणि फोन. प्रत्येक होज, प्रत्येक वायर, प्रत्येक ब्रॅकेट काढायच्या आधी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर नाव, आणि बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतील तर पुठ्ठ्यावर त्या भागाचा आकार काढून त्याच जागी खुपसून ठेवा. टायमिंग कव्हर आणि वॉटर पंपचे बोल्ट यात हमखास दगा देतात, लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आत जाऊन काहीतरी फोडतोच. मेन कॅप आणि रॉड कॅप (क्रँकला ब्लॉकशी आणि कनेक्टिंग रॉडला क्रँकशी धरणारी झाकणं) यांवर नंबर आहेत का बघा, नसतील तर स्वतः पंच करा, कारण कॅप ज्या जागी आणि ज्या दिशेनं मशीन झालीय तिथेच बसते, अदलाबदल केली की भोक गोल राहत नाही. जुना कॅम परत वापरायचा विचार असेल तर टॅपेट, रॉकर, पुशरॉड (कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतचे भाग) सगळे आपापल्या लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्याच्या) क्रमानं ठेवा, ते एकमेकांवर घासून जुळलेले असतात.

आता मोजमाप, आणि इथे घाई नको. व्हर्निअर कॅलिपर या कामाला पुरत नाही हे आधीच सांगतो, त्याची बारीकातली बारीक रेघ ०.०२ मिमीची आणि आपल्याला जे शोधायचंय ते त्याहून लहान. जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मापाचा मायक्रोमीटर, डायल बोअर गेज, मॅग्नेटिक बेसवर डायल इंडिकेटर, फिलर गेज, एक खरी सरळ पट्टी, एवढं विकत घ्या नाहीतर उसनं आणा. बोअर (सिलिंडरचं भोक) वरती, मध्ये आणि खाली मोजा, आणि प्रत्येक जागी दोनदा, एकदा क्रँकच्या दिशेत आणि एकदा आडवं. जास्तीत जास्त झीज वरची रिंग जिथे वळते तिथे, थ्रस्टच्या बाजूला (पिस्टन जिकडे दाबला जातो तिकडे) सापडते, तिथे काठ तयार झालेला नखालाही लागतो. सहा सिलिंडरचे सहा सहा आकडे, छत्तीस झाले, सगळे वहीत. क्रँकचे जर्नलही तसेच, दोन दिशांनी, म्हणजे लंबगोल झालेत का कळतं. बेअरिंगची ऑइल क्लिअरन्स (ऑइलसाठीची फट) साधारण जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी धरतात, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमीच्या आसपास, पण शेवटचा शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. म्हणून ते मॅन्युअल आधी मिळवा, आणि तुमच्याच वर्षाचं. प्लास्टिगेज (फट मोजायची, चेपली जाणारी बारीक पट्टी) वापरणार असाल तर जर्नल आणि बेअरिंग कोरडं हवं, कॅप पूर्ण टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या आकड्याला) आवळायची आणि क्रँक अजिबात फिरवायचा नाही, फिरला की ती पट्टी फासली जाते आणि आकडा खोटा येतो.

हे आकडे घेऊन मशीनिंगवाल्याकडे जा. सगळ्यात आधी ब्लॉक आणि हेड धुऊन तड्यांची तपासणी करून घ्या, कास्ट आयर्नला मॅग्नेटिक, अॅल्युमिनियमला डाय पेनेट्रंट, कारण तडा निघाला तर पुढचा सगळा खर्च वाचतो. बोअरिंग करायचं ठरलं तर पिस्टन त्याच्या हातात दिल्याशिवाय बोअर कापू देऊ नका, ओव्हरसाइज कागदावर अमुक असला तरी खरा पिस्टन मोजूनच त्याच्या क्लिअरन्सप्रमाणे होन करायचं (दगडानं बारीक घासायचं) असतं. टॉर्क प्लेट लावून होनिंग करतात का विचारा, हेड आवळल्यावर बोअर थोडा वाकतो आणि प्लेट त्याच अवस्थेत त्याला गोल करते. क्रँक ग्राइंड होणार असेल तर जर्नल ०.२५ मिमीनं लहान होणार की ०.५० नं हे कळल्यावरच बेअरिंग मागवा, आणि जर्नलच्या कडेचा गोलावा तसाच ठेवा म्हणून आवर्जून सांगा, तिथे तीक्ष्ण कोपरा राहिला की क्रँक तिथूनच तुटतो. लेडेड (शिसं घातलेल्या) पेट्रोलच्या जमान्यातलं कास्ट आयर्न हेड असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) बसवून घ्या. हेड गॅस्केट कुठलं वापरणार तेही आधी सांगा, मल्टिलेयर स्टीलच्या गॅस्केटला पृष्ठभाग बराच गुळगुळीत लागतो, कंपोझिट तेवढं नाटक करत नाही.

कॉम्प्रेशन रेशोचा हिशोब स्वतः करा, कोणी सांगितलं म्हणून धरू नका. उदाहरण म्हणून डॅटसनचं एल२८ घ्या, बोअर ८६, स्ट्रोक ७९ मिमी, २७५३ सीसी, म्हणजे एका सिलिंडरचे सुमारे ४५९ सीसी. पिस्टन वर असताना उरलेली सगळी जागा, म्हणजे चेंबर, गॅस्केटची जाडी, पिस्टनचा खळगा मिळून, ५६ सीसी असेल तर ४५९ अधिक ५६ भागिले ५६, साधारण ९.२. हेड घासून तीच जागा ५० वर आणली तर १०.२ च्या जवळ. सहा सीसीनं पूर्ण एक अंक वाढला, आणि त्याबरोबर पेट्रोल कुठल्या ऑक्टेनचं लागणार तेही बदललं. म्हणून ब्युरेट (द्रव मोजायची खुणांची नळी) आणि एक पारदर्शक अॅक्रिलिकचा तुकडा यादीत टाका, प्रत्येक चेंबर द्रव भरून मोजायचा. आणि या इंजिनात कॅम वर हेडमध्ये आहे, त्यामुळे हेड घासलं की कॅम फिरवणारी चेन सैल पडते आणि कॅम मागे राहतो, हे लोक विसरतात. त्यासाठी कॅम टॉवरखाली (कॅम धरणाऱ्या आधारांखाली) शिम म्हणजे पातळ पट्ट्या घालतात, मग लॅश पॅडची (रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या चकतीची) जाडी परत बघावी लागते, रॉकर लोबवर मधोमध घासतोय का ते रंग लावून तपासावं लागतं. याच घराण्यात डिझेलच्या एलडी२८ चा ८३ मिमी स्ट्रोकचा क्रँक आणि ८९ मिमीचे पिस्टन घालून ३०९८ सीसी करायची पद्धत प्रसिद्ध आहे, पण एवढं बोअर करायच्या आधी सिलिंडरच्या भिंतीची जाडी अल्ट्रासोनिक गेजनं मोजून घ्या, सगळ्या ब्लॉकांची कास्टिंग सारखी नसते.

मशीनिंगहून ब्लॉक परत आला की तो स्वच्छ आहे असं समजू नका. ऑइल गॅलरीचे प्लग काढलेलेच असले पाहिजेत, त्यातून लांब ब्रश घालून साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, आणि बोअर पांढऱ्या कापडानं पुसा, कापड काळं येतंय तोवर परत धुवा, होनिंगची भुकटी राहिली तर नव्या रिंगा लगेच खाऊन टाकते. वाळला की लगेच ऑइलचा हात फिरवा, लोखंड बघता बघता गंजतं. सगळ्या भोकांचे आटे टॅपनं साफ करा, आणि बंद भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं नाही ना ते हवेनं उडवून बघा (डोळ्याला चष्मा लावून), कारण द्रव दबत नाही, हेड बोल्ट आवळताना तो खालून ब्लॉक फोडू शकतो.

जुळवणीसाठी लागणाऱ्या वस्तू वेगळ्या काढून ठेवा: चांगला टॉर्क रेंच, रिंग कॉम्प्रेसर, डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती), असेंब्ली ल्यूब, कॅमसाठी मॉलिब्डेनमची पेस्ट, थोडी मळायची माती. रिंगा खोक्यातून काढून तशाच बसवायच्या नाहीत, प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये पिस्टननं सरळ ढकलून गॅप मोजा, साध्या रस्त्याच्या इंजिनाला बोअरच्या दर मिमीला ०.००४ मिमी हा अंदाज, म्हणजे ८६ ला ०.३५ च्या आसपास, टर्बो असेल तर जास्त, पिस्टनबरोबर आलेला कागद काय म्हणतो ते अंतिम. गॅप कमी पडला तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कडा उपटून काढतात. माती पिस्टनवर लावायची, हेड बसवून इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवायचं, हेड काढून माती कापायची आणि जाडी मोजायची, इनटेकला कमीत कमी २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी राहिलं पाहिजे. मोठा कॅम घेतला असेल तर हे टाळूच नका.

टॉप डेड सेंटर (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) पुलीवरच्या खुणेवरून धरू नका, जुन्या डँपरचं, म्हणजे त्याच पुलीचं, रबर सुटलेलं असतं आणि बाहेरची कडी सरकते, खूण एकीकडे आणि पिस्टन दुसरीकडे. पिस्टन स्टॉप लावून दोन्ही बाजूंनी डिग्री व्हीलवर वाचा, बरोबर मधली जागा खरी. रॉड बोल्ट नवे घ्या, यावर वाद नको. टॉर्कचा आकडा ऑइल लावून आहे की बोल्टवाल्यांनी दिलेल्या ल्यूबवर आहे ते वाचा, तोच आकडा दोन्हीकडे वापरला तर बोल्टवरचा ताण वेगळाच येतो.

पहिल्या स्टार्टची तयारी इंजिन गाडीत जायच्या आधीच झालेली हवी. फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेले, लोबवर घासणारे) असतील तर झिंक जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइल, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा डबल असतील तर आतल्या तात्पुरत्या काढून ठेवा. ऑइल पंप कोरडा राहू देऊ नका, गिअरवर पेट्रोलियम जेली भरा, मग प्लग काढून स्टार्टरवर फिरवत राहा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत ठिणगी द्यायची नाही. टायमिंग आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम) आधीच नक्की करा, एका ओळीतल्या सहा सिलिंडरला बहुतेक वेळा १-५-३-६-२-४, आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर चिकटपट्टीनं नंबर लावा, कारण नवीन कॅमवर अर्धा तास नुसतं क्रँकिंग करत बसलात तर लावलेली पेस्ट पुसून जाते. कार्ब्युरेटरच्या भांड्यात पेट्रोल भरलेलं, कूलंट भरून हवा काढलेली, एक माणूस गळती बघायला आणि एक अग्निशामक धरून उभा. पेटलं की आयडलला सोडायचं नाही, लगेच २००० ते २५०० आरपीएम, थोडं वरखाली करत वीसेक मिनिटं. प्रेशर आलं नाही किंवा टकटक ऐकू आली तर तत्क्षणी बंद.

ऑइल आणि फिल्टरचे दोन संच घ्या, पहिला या वीस मिनिटांनंतरच जाणार आहे. काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात उलगडून बघा, थोडी करडी भुकटी चालते, चमकणाऱ्या कपच्या दिसल्या तर गाडी हलवायची नाही. हेड परत टॉर्क करायला गॅस्केटवाल्यांनी सांगितलं असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, त्याच क्रमानं, आणि त्यानंतर टॅपेट परत सेट.