फोटो एडिटिंगचा हात बसवायचा तर स्वतःला ही कामं द्या

फोटो एडिटिंग शिकणारे बरेच जण ट्युटोरियलच्या मागे मागे जातात. व्हिडिओत दाखवलेलं बटण दाबायचं, तसंच चित्र तयार झालं की पुढचा व्हिडिओ लावायचा. मग स्वतःचा फोटो उघडला की हात अडतो, कारण कुठलं बटण का दाबायचं हा विचार कधी करावाच लागलेला नसतो. त्यापेक्षा स्वतःला एकेक काम द्यावं, त्याला एक कडक अट घालावी आणि अडेल तिथे शोधून शिकावं.

साधनांवर पैसे खर्चायची गरज नाही. गिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर १९९६ पासून मोफत मिळतं. फोटोपी हे तसंच दुसरं थेट ब्राउझरमध्ये चालतं. कशावरही काम करा, दोन नियम मात्र पाळा. मूळ लेयरला (चित्राच्या एकावर एक रचलेल्या थरांपैकी एकाला लेयर म्हणतात) हात लावायचा नाही, त्याची प्रत काढून तिच्यावर काम करायचं. आणि खोडरबर वापरायचा नाही, नको असलेला भाग मास्कने, म्हणजे लेयरवर लावायच्या काळ्या-पांढऱ्या पडद्याने, झाकायचा. झाकलेलं परत आणता येतं, खोडलेलं येत नाही. सरावाच्या काळात एआयने भराव घालणारी बटणंही बाजूला ठेवा. काम झटपट होईल, पण सावली कुठे पडायला हवी हे तुमच्या डोळ्याला कळणार नाही.

पहिलं काम: तीन कृष्णधवल तुकड्यांतून रंगीत फोटो

सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन साम्राज्यभर फिरून एकाच दृश्याचे लागोपाठ तीन कृष्णधवल फोटो काढले: एक निळ्या, एक हिरव्या आणि एक लाल फिल्टरमधून. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतल्या आणि त्यांचे स्कॅन आज कुणालाही उतरवून घेता येतात. एका उभ्या पट्टीत तीन चौकटी असतात: वर निळी, मध्ये हिरवी, खाली लाल. सरावाला याहून चांगला माल मला माहीत नाही.

सुरुवातीला मध्य आशियातल्या बुखाराच्या अमीराचा १९११ चा फोटो घ्या. अमीराचा झगा गडद निळा आहे. निळ्या चौकटीत तोच झगा उजळ दिसतो, लाल चौकटीत काळपट. रंगाचे चॅनल (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे वेगवेगळे थर) म्हणजे काय हे या दोन चौकटी शेजारी ठेवल्या की कळतं.

गिम्पमध्ये स्कॅन उघडून इमेज मोड ग्रेस्केल करा. तिन्ही चौकटी कापून एकाच फाइलमध्ये तीन लेयर म्हणून ठेवा. हिरवी चौकट तळाशी स्थिर ठेवा, वरच्या लेयरचा मोड 'डिफरन्स' (खालच्या लेयरशी असलेला फरक दाखवणारा) करा आणि तो लेयर इकडेतिकडे सरकवा. कडा जुळत आल्या की चित्र काळं पडत जातं. पूर्ण काळं होणार नाही, कारण तिन्ही चौकटींतला उजेड मुळातच वेगळा आहे. म्हणून झग्याकडे बघू नका, दाराची चौकट किंवा भिंतीची धार धरा. किंचित फिरवावंही लागेल. निळी आणि लाल अशा दोन्ही जुळल्या की कडेचा फाटका भाग क्रॉप करा, म्हणजे तिन्ही लेयर एका मापाचे होतील. मग 'कलर्स' मेनूतल्या 'कंपोनंट्स'मध्ये जाऊन 'कंपोज' निवडा आणि लाल, हिरवा, निळा या जागी आपापला लेयर द्या. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा निळा झगा पडद्यावर उमटतो, तेव्हा खरोखर अंगावर काटा येतो.

हे जमलं की नदीचा फोटो घ्या. तिन्ही फोटो एकापाठोपाठ काढलेले असल्याने वाहत्या पाण्यावर लाल-हिरव्या कडा दिसतात. त्या मास्क आणि ब्रशने दुरुस्त करणं हे पुढचं काम.

दुसरं काम: आभाळ बदला, पण जमिनीसकट

ही युक्ती फोटोशॉपच्या कितीतरी आधीची. तेव्हाच्या फोटो काढायच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत, त्यामुळे आभाळ पांढरंफटक यायचं. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रेने १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसऱ्या निगेटिव्हवरून छापले.

तुम्हीही स्वतः काढलेले दोन फोटो घ्या. झाडाच्या फांद्यांमधून आभाळ निवडायला लॅसो (हाताने कडा आखून निवडायचं साधन) नको. निळा चॅनल डुप्लिकेट करा, कर्व्ह्जने (उजेड-अंधार कमी-जास्त करायच्या साधनाने) त्यातला काळा-पांढरा फरक ताणा आणि त्याचाच मास्क करा, म्हणजे पानापानांमधली फट आपोआप मिळते. अट अशी की आभाळ लावल्यावर निम्मा वेळ जमिनीवर घालवायचा. संध्याकाळचं आभाळ लावलं तर भिंतीही तांबूस व्हायला हव्यात, पाणी असेल तर त्यात तेच ढग दिसायला हवेत. सूर्य ढगांमध्ये डावीकडे आणि सावल्याही डावीकडेच पडलेल्या, असं झालं तर ते आभाळ सोडून द्या.

तिसरं काम: माणसाएवढा माठ

याच कामावर सर्वांत जास्त वेळ द्या. घरातला मातीचा माठ अंगणाच्या फोटोत माणसाहून थोडा उंच दिसला पाहिजे.

फसगत बहुतेकदा कॅमेऱ्याच्या उंचीमुळे होते. अंगणाचा फोटो पाच फुटांवरून काढलाय आणि माठ सहा फुटी दाखवायचाय, तर क्षितिजरेषा माठाच्या उंचीच्या पाच-षष्ठांश भागावरून जाणार. म्हणजे माठाचा फोटो काढतानाही लेन्स माठाच्या तितक्याच उंचीवर, जवळजवळ जमिनीलगत हवी. उभ्याने काढलेल्या फोटोत माठाच्या तोंडाच्या आतलं दिसतं, आणि ते दिसलं की माठ लहानच वाटतो, कितीही मोठा करा.

माठ आणि अंगण दोन्ही एकाच वेळच्या उन्हात, ऊन एकाच बाजूने येईल असे टिपा. मग सावली. माठाच्या लेयरची प्रत काढून काळी करा, जमिनीवर आडवी ताणा आणि मोड 'मल्टिप्लाय' (खालचं चित्र गडद करणारा) ठेवा. ताणायची दिशा अंगणातल्या खांबाच्या सावलीवरून घ्या. एक सावली पुरत नाही. माठ जमिनीला टेकतो तिथे बारीक, गडद, जवळजवळ काळी रेघ लागते, ती नसेल तर माठ तरंगतो. लांब गेलेली सावली मात्र टोकाकडे धूसर करत न्या. उन्हातली सावली निव्वळ काळी नसते, तिच्यात आभाळाचा निळसरपणा असतो. अंगणातल्या खऱ्या सावलीवरून आयड्रॉपरने रंग उचला.

माठ जमला की पितळी तांब्या घ्या. त्यात तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते, ती काढून तिथे अंगण उमटवावं लागतं. कठीण आहे, घाई करू नका.

हलकं काम हवं असेल तेव्हा एकाच माणसाला एका फोटोत अनेकदा दाखवा. मोबाइल स्टँडवर लावा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, माणसाला जागा बदलायला सांगा आणि मास्कने जोडा.

प्रत्येक काम झाल्यावर तपासणी करा. चित्र आरशात दिसतं तसं आडवं उलटवा, सरावलेल्या डोळ्याला न दिसलेली चूक दिसते. मग वरून कृष्णधवल लेयर लावून बघा. रंग गेल्यावरही चिकटवलेला भाग वेगळा उठून दिसत असेल, तर उजेड-अंधार जुळलेला नाही, परत कर्व्ह्जकडे जा. शेवटी नखाएवढं छोटं करून बघा.

माणसांचे फोटो वापरायचे तर त्यांना विचारून वापरा आणि चित्र कुणाला पाठवताना ते एडिट केलेलं आहे हे सोबत लिहा. फाइल जेपेग करून थांबू नका, एक प्रत लेयरसकट ठेवा. महिन्याभराने तीच उघडून फक्त सावली नव्याने करायची असेल, तर लेयर हाताशी हवेत.