गच्च ब्रशचा फेस: साबण भरपूर, पाणी थोडं थोडं

मोठा, गच्च केसांचा दाढीचा ब्रश घेतला की बहुतेकांची तक्रार एकच असते: फेस येतो, पण गालापर्यंत पोचत नाही. पहिला हात (म्हणजे फेस लावून चेहऱ्यावरून एकदा पातं फिरवणं) कसाबसा होतो, दुसऱ्या हाताला ब्रश कोरडा पडतो आणि तिसऱ्यासाठी पुन्हा साबणाच्या डबीकडे जावं लागतं. मग बोल ब्रशला. मी रोज अशाच ब्रशने दाढी करतो. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा आहे, ब्रशच्या मुठीपाशी झुबक्याचा व्यास २८ मिलिमीटर आणि मुठीच्या वर केसांची उंची साधारण ५० मिलिमीटर. तो मला एकाच वेळच्या साबणात तिन्ही हातांना पुरेल इतका फेस देतो आणि शेवटी थोडा उरतोही. अशा ब्रशची अडचण जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी असते: त्याला साबण कमी पडलेला असतो.

थोडा हिशेब करून पाहा. नेहमीचा ब्रश २२ ते २४ मिलिमीटरचा असतो. २४चा २८ झाला तर वाढ चारच मिलिमीटरची दिसते, पण झुबक्याचं क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतं. त्यात केस गच्च बसवलेले असले की त्यांच्यामधल्या फटी अरुंद होतात आणि अरुंद फट पाणी आणि फेस आत ओढून धरून ठेवते. म्हणजे तुम्ही साबण घोळवता तेव्हा पहिला बराच भाग ब्रशच्या पोटात जातो. ते पोट भरल्यावरच टोकांशी काही शिल्लक राहतं, आणि दाढी तर टोकांवरच्या फेसाने होते. साबण लहान ब्रशच्या मापाने घेतला तर तो सगळा आतच अडकतो.

आधी भिजवणं. बॅजरच्या ब्रशला कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं पुरतात. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर जास्त वेळ द्या, पाच ते दहा मिनिटं, कारण ते केस स्वतः पाणी शोषतात आणि शोषल्याशिवाय मऊ पडत नाहीत. सिंथेटिक केस पाणी पीतच नाहीत. ओले केले की झालं. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम घ्या. उकळत्या पाण्याने नैसर्गिक केस ठिसूळ होतात आणि झुबका मुठीत ज्या गोंदाने बसवलेला असतो तोही सैल पडू शकतो. ब्रश भिजतो आहे तोवर साबण कडक असेल तर त्याच्यावर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवा. वरचा थर मऊ होतो. ते पाणी फेकू नका, नंतर वाटीत घ्या किंवा चेहऱ्यावर चोळा. त्यात साबण उतरलेला असतो.

आता पाणी काढायचं. लहान ब्रश दोनदा झटकला की पुरे होतो. गच्च ब्रश झटकून त्याच्या पोटातलं पाणी निघत नाही, आणि तेच पाणी नंतर घोळवताना हळूहळू खाली उतरून साबण पातळ करत राहतं. म्हणून मी झुबका हातात धरतो आणि मुळाकडून टोकाकडे एकदा हलकेच पिळतो. पिरगाळायचं नाही, ओढायचं नाही, फक्त दाबायचं. टोकं ओली राहावीत, पण ब्रश उलटा धरला तर थेंब गळू नये. पाणी पुढे हवं तेवढं घालता येतं. जास्त झालेलं काढून घेणं मात्र जवळपास अशक्य असतं.

साबण उचलण्याच्या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. डबी तळहातावर घट्ट धरा, ब्रश सरळ उभा धरा आणि गोल फिरवा. दाब इतकाच की केसांची वरची सेंटीमीटरभर टोकं वाकतील. मुळापर्यंत चेपून घासलं तर मधले केस तुटतात आणि कालांतराने झुबक्याच्या मधोमध खळगा पडतो. मऊ साबण असेल तर अर्धा मिनिट, कडक वडी असेल तर मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त. घड्याळ बघण्यापेक्षा साबणाकडे बघा. पहिले काही सेकंद मोठमोठे बुडबुडे येतात, डबीच्या कडेवरून ओघळतात. त्यांना बघून थांबू नका. ते नुसतं साबणाचं पाणी आहे. फिरवत राहिलात की बुडबुडे बारीक होतात, मग दिसेनासे होतात आणि साबणावर ब्रशच्या वळणांच्या रेघा उमटून तशाच राहायला लागतात. आवाजही बदलतो. सुरुवातीची चुळचुळ बंद होते आणि जाडसर, दबका आवाज येतो. ब्रश उचलून बघा: टोकं एकमेकांना चिकटून त्यांचे गुच्छ झालेले असतील आणि गुच्छांवर घट्ट, पिवळसर पांढरा लगदा दिसेल. बोटाने दोन गुच्छ बाजूला करून आत डोकवा. लगदा अर्धा सेंटीमीटर तरी आत गेलेला दिसला की साबण पुरेसा झाला. दिसला नाही तर अजून फिरवा. जास्त साबण घेतल्याने कधी दाढी बिघडत नाही.

ट्यूबमधलं क्रीम वापरत असाल तर बोटाच्या पेराएवढं क्रीम थेट ओल्या टोकांच्या मधोमध ठेवा. लहान ब्रशला पुरतं त्याच्या दीडपट धरा.

यापुढे दोन वाटा आहेत, वाटी किंवा थेट चेहरा. मोठ्या ब्रशला मी वाटीच सुचवेन, तीही रुंद, दहा-बारा सेंटीमीटर तोंडाची. अरुंद कपात झुबका नुसता कोंबला जातो, फिरत नाही. तळाला आतून खाचा किंवा उंचवटे असतील तर उत्तम, केसांना अडवायला काहीतरी मिळतं.

वाटीत पहिल्यांदा पाणी न घालता दहा-पंधरा सेकंद फिरवा. लगदा सगळीकडे पसरेल आणि वाटीला चिकटेल. मग पाणी, पण थेंबांच्या हिशेबाने. ब्रशची नुसती टोकं पाण्यात टेकवा किंवा पाव चमचा पाणी वाटीत सोडा, आणि ते पूर्ण मिसळेपर्यंत फिरवा. फेसावर ओलेपणा दिसेनासा झाला की पुढचं. असं पाच-सहा वेळा तरी होतं, गच्च ब्रशला आठ वेळाही लागतं, कारण निम्मं पाणी पोटातला लगदा घेत असतो. मध्येच ब्रश वाटीच्या तळावर दोन-तीनदा जरा जास्त दाबून वर-खाली करा. आत अडकलेला घट्ट साबण बाहेर येतो आणि बाहेरचा ओला फेस आत जातो. ही देवघेव झाली नाही तर वरचा फेस छान दिसतो आणि पोटात कोरडा लगदा तसाच बसून राहतो. दुसऱ्या हाताला ब्रश कोरडा वाटतो तो यामुळेच.

पाणी कधी थांबवायचं? कोरडा फेस निस्तेज दिसतो, त्याला टोकदार ताठ शिखरं येतात आणि गालावर लावताना ब्रश अडखळतो. थोड्या वेळात तो चेहऱ्यावर सुकून कडक पडतो. पाणी जास्त झालं तर डोळ्यांना दिसतील असे बुडबुडे येतात आणि फेस गळ्याकडे ओघळतो. या दोन्हींच्या मध्ये जागा असते तिथे फेसाला ओली चकाकी येते, बुडबुडा एकही दिसत नाही, ब्रश उचलला तर शिखर वर येऊन टोकाशी वाकतं. माझी शेवटची परीक्षा बोटांची: चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचा. बोटं एकमेकांवरून सटकायला हवीत, सटकताना अडलेली जाणवली तर अजून पाव चमचा. फेस जाड दिसतो म्हणून समाधानी होऊ नका. पात्याला जाडी नको असते, ओलावा आणि निसरडेपणा हवा असतो. बहुतेकांचा फेस मला कोरडाच वाटतो.

चेहऱ्यावरच फेस काढायचा असेल तर मोठा झुबका नाकात, कानात, ओठांत जातो. त्यावर उपाय सोपा आहे. ब्रश मुठीला न धरता वर सरकून धरा, म्हणजे बोटांनी केसांचं मूळही वेढलं जाईल. झुबका आवळला जातो, काम करणारा भाग लहान होतो आणि ब्रश हवा तिथेच फिरतो. आधी गोल फिरवून फेस दाढीच्या केसांच्या मुळाशी न्या, मग भिंतीला रंग देताना मारतात तसे सरळ, आडवे फटकारे मारून तो सपाट करा. शेवटचे फटकारे महत्त्वाचे आहेत. गच्च ब्रश आतला फेस सोडतो तो केस असे कुशीवर झुकले की. नुसतं गोल फिरवत राहिलात तर तो धरूनच ठेवतो.

तरीही दोन हातांच्या मध्ये फेस कमी वाटला तर डबीकडे जाऊ नका. झुबक्याचं मूळ दोन बोटांत धरा आणि टोकाकडे सरकवत दाबा. तळहातावर येईल तो फेस बघून नवखा माणूस चकित होतो. त्याला एखादा थेंब पाणी द्या आणि लावा.

सगळं नीट करूनही फेस धरत नसेल तर पाण्याकडे वळा. दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आणि इतर मेदाम्लांचे पोटॅशियम आणि सोडियम क्षार. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यांच्याशी संयोग करून न विरघळणारा साका बनवतात. वाटीच्या कडेला राखाडी, चिकट थर जमतो तो हाच. तेवढा साबण फेसाच्या कामातून गेला. जड पाण्यात साबण आणखी जास्त घ्यावा लागतो, हा एक मार्ग. दुसरा, फेसापुरतं कपभर ऊर्ध्वपातित किंवा आरओचं पाणी वापरून बघणं. एकाच साबणाचा फेस दोन्ही पाण्यांत शेजारी शेजारी काढून पाहा. दोष पाण्याचा की हाताचा ते लगेच कळतं.

नवा ब्रश पहिल्या दिवशी चांगला फेस देईल अशी अपेक्षा ठेवू नका. नैसर्गिक केसांना जनावराचा वास असतो. शाम्पूने धुवा, मग दाढी न करता नुसता फेस काढा, तो ब्रशवर काही तास राहू द्या आणि धुऊन टाका. असं काही वेळा केलं की वास जातो, केस फेस सोडायला शिकतात. डुकराच्या केसांची टोकं तर वापराने चिरतात आणि त्यामुळेच मऊ होतात. सुरुवातीला काही केस गळतील, ते चालतं. एक इशारा मात्र गंभीरपणे देतो: फार जुना, पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा ब्रश हाती लागला तर तो कपाटात शोभेला ठेवा. त्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना घडल्या आहेत. आजच्या ब्रशला ती भीती बाळगायचं कारण नाही.

दाढी झाल्यावर वाहत्या पाण्याखाली झुबका उघडून धुवा. गच्च ब्रशमधून साबण लवकर जात नाही. पाणी स्वच्छ दिसलं तरी पिळून बघा, पुन्हा पांढरं येतं. पाणी खरोखर स्वच्छ येईपर्यंत हे करा, मग झटका आणि कोरड्या पंच्यावर टोकं पुढे-मागे फिरवा. उभा ठेवा की टांगा, फारसा फरक पडत नाही, हवा मात्र लागली पाहिजे. बंद कपाटात कोंडू नका. २८ मिलिमीटरचा गच्च झुबका आतून वाळायला पूर्ण दिवस घेतो, कधी त्याहून जास्त, म्हणून रोज दाढी करणाऱ्याने दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत. काही महिन्यांनी केस मुळाशी ताठ, चिकट लागायला लागले तर तिथे साबणाचा साका बसला आहे असं समजा. दहा भाग कोमट पाण्यात एक भाग पांढरं व्हिनेगर घालून झुबका पाच मिनिटं बुडवा, मूठ पाण्याबाहेर ठेवा, मग शाम्पूने धुवा आणि साध्या पाण्याने खळबळून काढा.